बिनअंड्याच्या केकची कुळकथा

गेल्या वर्षी आमच्या बस्तीतल्या महिला मंडळानं बेकिंगचा दोन दिवसांचा वर्ग ठेवला होता. शिकवायला आलेली मुलगी हुशार, बोलायला गोड. तिनं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘अंड्याला पर्याय’, आणि खाली यादी केली : दही, आटवलेलं दूध, केळं, व्हिनेगर. व्हिनेगर आंबवून करतात, ते आपल्याला चालत नाही, असं दोघीतिघींनी सांगितलं. तिनं ते लगेच पुसलं. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एक वयस्कर काकू उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘बाई, ह्याला पर्याय कशाला म्हणायचं? आमच्यात अंडं होतंच कवा? नसलेल्या वस्तूला पर्याय कसला?’’

सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. पण घरी आल्यावर ते वाक्य मनातून जाईना. कारण गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी दुपारच्या चहाला केक, बिस्किटं, नानकटाई करत आले, आणि दर वेळी पाहुण्यांपुढं बशी ठेवताना म्हणत आले, ‘‘बिनअंड्याचा आहे हं, जरा जडच होतो.’’ आधीच माफी मागून ठेवायची सवय! ही माफी कशाबद्दल, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो करायला बसले, तेव्हा या केकची कुळकथा हाती लागली. तीच इथं सांगते.

आधी आपली अडचण नीट समजून घेऊ. मद्य, मांस आणि मध यांचा त्याग हा श्रावकाच्या मूलगुणांतला. म्हणजे केकमधलं अंडं तर गेलंच, रममध्ये भिजवलेला सुका मेवा गेला, मधाचा हातही गेला. पाव खमिराचा, म्हणून कडक पाळणाऱ्या घरात तोही नाही. त्यात पिठाची मर्यादा : पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. दुकानातला मैदा किती दिवसांचा, कोण सांगणार? शिवाय द्विदल. डाळीचं पीठ आणि कच्चं दही-ताक एकत्र चालत नाही. आता नानकटाईच्या कितीतरी कृतींत बेसनही असतं आणि दहीही असतं. म्हणजे वरवर निर्दोष दिसणारी नानकटाईसुद्धा आपल्या स्वयंपाकघरात येताना दारात थांबते. दोन्हीपैकी एक बाहेर ठेवून मगच आत यायचं.

केक-बिस्किटं आपल्याकडं आली तीही अशा वाटेनं, की आपल्या आज्यांनी त्यांच्याकडं संशयानं पाहिलं यात नवल नाही. सुरतेत सांगतात ती गोष्ट अशी : डच वखारीतल्या लोकांसाठी तिथं पाव भाजले जायचे. डच गेल्यावर ती भट्टी एका पारशी गृहस्थाकडं, फरामजी पेस्तनजी दोतीवाला यांच्याकडं आली. पाव फुगवायला तेव्हा ताडी वापरत. गिऱ्हाईक कमी झालं, पाव उरून वाळायला लागला, आणि तो वाळलेला पावच लोकांना आवडू लागला. त्यातून बिस्किटं आली आणि पुढं ताडी नाही, अंडं नाही अशी तुपातली नानकटाई स्थिरावली. केरळात तलश्शेरीची गोष्टही अशीच प्रसिद्ध आहे. तिथले मांबळ्ळी बापू ब्रह्मदेशात बिस्किटं करायला शिकून आले होते. 1883 च्या नाताळात मर्डोक ब्राऊन नावाच्या मळेवाल्या साहेबानं त्यांच्यापुढं विलायती केक ठेवला आणि तसाच करून मागितला. बापूंनी तो केला, पण ब्रँडीच्या जागी काजूच्या बोंडांची आणि केळ्यांची गावठी दारू घालून. आपल्या शेजारच्या गोव्यातलं बेबिंक घ्या, त्यात अंड्यांचे पिवळे बलक मोजून घालतात. म्हणजे एका वाटेवर ताडी, दुसऱ्या वाटेवर दारू, तिसऱ्या वाटेवर बलक. अज्जी म्हणायची, ‘‘भट्टीचं काही आमच्या घरात नको.’’ ती काही अडाणीपणानं म्हणत नव्हती.

पण आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, त्या माणसाकडं येते. इंग्लंडात बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाचे एक औषधवाले होते. त्यांच्या पत्नीचं नाव एलिझाबेथ. तिला अंडं सोसत नसे आणि खमीरही सोसत नसे. बाईला गोड खायची आवड, पण कस्टर्ड म्हणजे अंडं आणि पाव म्हणजे खमीर. बर्डनी 1837 मध्ये तिच्यासाठी मक्याच्या पिठाचं, अंडं नसलेलं कस्टर्ड केलं. मग 1843 मध्ये खमिराशिवाय पीठ फुगवणारी पूड केली. तीच आपली बेकिंग पावडर! घरी आलेल्या पाहुण्यांना ते कस्टर्ड वाढलं गेलं, त्यांना ते आवडलं, आणि मग त्याचा धंदा झाला.

हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. ज्या डबीतलं चमचाभर पांढरं पीठ मी आयुष्यभर ‘अंड्याच्या जागी’ म्हणून घालत आले, ती डबी मुळात अंडं न खाणाऱ्या एका बाईसाठीच तयार झाली होती. बर्डबाईंचं कारण शरीराचं, आपलं कारण व्रताचं. पण पानावर तीच मर्यादा होती : अंडं नाही, खमीर नाही, आणि तरी चार माणसांबरोबर बसून गोड खायचं आहे.

कुळकथा सांगायची तर डागही सांगायला हवेत. बेकिंग पावडरमध्ये तीन गोष्टी असतात : सोडा, एखादं कोरडं आम्ल आणि ओल लागू नये म्हणून स्टार्च. पाणी लागलं की सोडा आणि आम्ल एकमेकांना भेटतात, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे होतात, पीठ फुगतं. आता जुन्या काळी वापरायचे ते क्रीम ऑफ टार्टर दारूच्या पिंपांच्या तळाशी साचलेल्या साक्यातून मिळायचं. अमेरिकेत एबेन हॉर्सफर्ड यांनी 1856 मध्ये त्याऐवजी फॉस्फेट वापरायची रीत काढली, पण ते फॉस्फेट सुरुवातीला जनावरांच्या हाडांतून काढत. पुढं ते खाणीतल्या खनिजापासून होऊ लागलं. तेव्हा ‘डबीत काय आहे ते वाच’ असं म्हणणारी सासू ही शास्त्र जाणणारीच सासू होती, असं मला आता वाटतं.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. मी लग्न होऊन चिकोडी तालुक्यातल्या त्या घरी गेले ते 1979 साल. माहेर बेळगावचं, कॅम्पाजवळ. शाळेतल्या मैत्रिणींकडं बघून केक करायला शिकलेली, म्हणून रुखवतात मी मुद्दाम कुकर, केकचं गोल भांडं आणि आटवलेल्या दुधाचे दोन डबे नेले होते. तेव्हा बिनअंड्याचा केक म्हणजे हा डबाच. या डब्याचाही इतिहास मोठा. गेल बोर्डन या अमेरिकन माणसानं दूध आटवून टिकवायच्या रीतीचं पेटंट 1856 मध्ये घेतलं. आपल्याकडं मिल्कमेडचा डबा आधी परदेशातून यायचा. 1961 मध्ये नेस्लेनं पंजाबात मोगा इथं कारखाना घातला आणि मग डबा गावोगावच्या दुकानांत दिसू लागला. दूध-साखर मुळात दाट आणि चिकट, त्यामुळं पीठ बांधून धरायला अंडं लागत नाही. अर्धा डबा दूध, सव्वाशे ग्रॅम मैदा, साठ ग्रॅम लोणी, चमचाभर बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा. हा हिशोब त्या काळच्या किती मुलींच्या वह्यांत होता!

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी हौसेनं डबा फोडायला घेतला. आत्याबाई चुलीजवळून उठून आल्या.

‘‘काय गं हे?’’

‘‘दूध आहे, आत्याबाई. आटवलेलं. केक करणार आहे, अंडं नाही त्यात.’’

‘‘दूध कवाचं म्हणायचं?’’

मला उत्तर देता येईना. आमच्या त्या घरात म्हशीची धार काढली की दूध अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत तापवायचं, ही मर्यादा. आणि मी डब्यावरची तारीख वाचत उभी! ती चार महिन्यांपूर्वीची होती. त्या काही बोलल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘‘तुम्ही पोरं खावा, पण हे सोवळ्याच्या भांड्यात नको.’’ केक मी मागच्या पडवीत स्टोव्हवर केला. घरातल्या पोरांनी फन्ना उडवला. पण पडवीत केक करायला लागला, ही गोष्ट मी मनात धरून ठेवली. नव्या नवरीला एवढं पुरतं.

मग चार वर्षं मी दिवाळीत नानकटाई करायची ती भट्टीवर. तुमच्यापैकी अनेकींनी हे केलं असेल. मैदा, पिठीसाखर, वनस्पती तूप आणि वेलचीपूड घरून डब्यात भरून न्यायची. बेकरीवाला मळून, गोळे करून पत्र्यावर मांडून भट्टीत सारायचा. भाजणावळ किलोवर. आपण बाकावर बसून राखण करायची, कारण आपला पत्रा दुसऱ्याच्या पत्र्यात मिसळायला नको. आपल्या बायका आणखी एक हट्ट धरायच्या : पहिला घाणा आमचा. अंड्याचं काही भाजायच्या आधी, धुतलेल्या पत्र्यावर. घरी येताना रिक्षाभर वास! त्या दिवाळीच्या आठवणी गोडच आहेत. पण आत्याबाईंनी त्यातली एक नानकटाई कधी तोंडात घातली नाही.

1983 साली वनस्पती तुपात परदेशातून आणलेली जनावरांची चरबी मिसळल्याचं प्रकरण देशभर गाजलं. संसदेत गाजलं, वर्तमानपत्रं भरून आलं. आपल्या घराघरांत काय झालं असेल ते सांगायला नको. कुणी डबे ओढ्यात नेऊन ओतले, कुणी मुनिमहाराजांकडं जाऊन प्रायश्चित्त घेतलं. मी तर माझ्याच हातानं पोरांना चार दिवाळ्या ते खाऊ घातलं होतं. आमच्या डब्यात चरबी होती की नव्हती हे कधीच कळणार नव्हतं, आणि न कळणं हेच जास्त लागत होतं. मी दोन दिवस नीट जेवले नाही. आत्याबाई ‘मी म्हणत नव्हते?’ असं एका शब्दानं बोलल्या नाहीत. भांडी राखेनं घासून उन्हात मांडली, एवढंच.

त्या हिवाळ्यात, एका दुपारी त्याच मला म्हणाल्या, ‘‘ते तुझं वाळूतलं कर की. पण माझ्या रीतीनं.’’

त्यांची रीत अशी. आदल्या दिवशी गहू निवडून, जात्यावर बारीक दळले. पीठ मलमलच्या फडक्यातून गाळलं, त्याची पांढरट पिठी निघाली. सकाळी विरजलेलं ताजं दही. तूप घरचं. डाळीचं पीठ नाही, म्हणजे द्विदलाचा प्रश्न नाही. इसेन्स बहुधा अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असतो, म्हणून तो नाही, वेलची आणि जायफळ. बेकिंग पावडरची डबी त्यांनी बाजूला सारली. म्हणाल्या, ‘‘खायचा सोडा चालतोय की. दही आंबट हाय, सोड्याला दही पुरतंय.’’ रसायनशास्त्र त्या कुठल्या शाळेत शिकल्या नव्हत्या. पण पुस्तकात तेच लिहिलेलं असतं : दह्यातलं आम्ल आणि सोडा भेटले की फुगवणारा वायू तयार होतो. डबीतलं कोरडं आम्ल जे काम करतं, तेच दही करतं. फक्त ते लगेच करतं, म्हणून पीठ कालवून ठेवून गप्पा मारायच्या नाहीत, ताबडतोब भांडं आत सारायचं.

वाळूवरही प्रश्न आलाच. ‘‘वाळूत जीव असत्यात, तापवणार काय तू?’’ मग वाळू धुऊन, दोन दिवस उन्हात पसरून, चाळून, डोळ्यांखालून घातली. आता मी वाळूच्या जागी जाड मीठ घेते, आणि कुकरऐवजी जाड बुडाची कढई व घट्ट झाकण. रिकामा कुकर तापवून तो खराब होतो, हे मी माझा एक कुकर घालवून शिकले आहे.

दिवस मावळायच्या आत सगळं उरकायचं होतं. साडेतीनला भांडं आत गेलं, सव्वाचारला विणकामाची सुई घालून पाहिली तर कोरडी आली. रंग बदामी, वर एक भेग, पोत जरा जड. मी सवयीनं म्हणाले, ‘‘जरा जडच झालाय, आत्याबाई.’’ त्यांनी तुकडा मोडला, चहाबरोबर खाल्ला आणि म्हणाल्या, ‘‘जायफळ थोडं जास्त झालंय. बाकी बरं हाय.’’ त्या घरात लग्न होऊन त्यांना चाळीस वर्षं झाली होती. केक त्यांनी पहिल्यांदाच खाल्ला. आणि तो पडवीत नव्हे, सोवळ्याच्या चुलीवर झाला होता.

आता मागं वळून बघताना वाटतं, अंड्याविना केक करणारे आपण एकटे कुठं आहोत? दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात अंड्यांवर रेशनिंग आलं. 1941 पासून माणशी आठवड्याला जेमतेम एक अंडं. तेव्हा तिथल्या बायकांनी सोडा, व्हिनेगर आणि गाजर-मनुका यांच्या जोरावर बिनअंड्याचे केक केले आणि वाढदिवस साजरे केले. अमेरिकेत तर पहिल्या महायुद्धापासून अंडं, दूध, लोणी काहीच नसलेल्या केकला ‘वॉर केक’ म्हणत. इकडं कर्नाटकात हासनकडून आलेल्या अय्यंगार मंडळींनी शाकाहारी बेकऱ्या काढल्या, आणि आज आपल्या भागातसुद्धा गल्लोगल्ली अय्यंगार बेकरीची पाटी दिसते. सोवळं पाळणारी माणसं भट्टीपासून पळाली नाहीत, भट्टीच आपल्या रीतीची करून बसली. पुढं 2001 मध्ये सरकारनं खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर हिरव्या आणि तपकिरी ठिपक्याची सक्ती केली, आणि त्यात अंडं तपकिरी ठिपक्याच्या बाजूला गेलं. बाकावर बसून पत्र्याची राखण करणाऱ्या आपल्या आया-बायकांचा प्रश्न तेव्हा कुठं कायद्याच्या भाषेत उतरला. अर्थात ठिपका पिठाची मर्यादा सांगत नाही आणि दिवस मावळल्याचंही सांगत नाही. ते आपलं आपणच बघायचं.

तेव्हा त्या काकूंचं बरोबर होतं. अंडं केकमध्ये चार कामं करतं : बांधून ठेवणं, फुगवणं, ओलावा देणं आणि रंग आणणं. ही कामं दही, आटवलेलं दूध, तूप आणि सोडा यांच्यात वाटून दिली, तर ती ‘जागी ठेवलेली’ वस्तू राहत नाही, ती एक वेगळी रीत होते. तिला स्वतःची कुळकथा आहे. त्यात बर्मिंगहॅमच्या एका बाईचं न सोसणारं पोट आहे, युद्धातल्या गृहिणींची काटकसर आहे, आणि चिकोडी तालुक्यातल्या एका सासूचे नेमके प्रश्न आहेत. मी आत्याबाईंवर ज्या प्रश्नासाठी चार वर्षं मनात रुसून बसले, ‘दूध कवाचं?’, तो प्रश्न मी आज नातीला शिकवते. रुसवा मी त्यांना कधी बोलून दाखवला नाही. त्या गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यांना कळला होता असं मला वाटतं, नाहीतर त्या दुपारी त्या आपणहून आल्या नसत्या.

भगिनींनो, त्यांचं प्रमाण माझ्या वहीत आहे तसं देते. दीड वाटी गव्हाची पिठी, एक वाटी ताजं आंबटसर दही, पाऊण वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी पातळ तूप, पाऊण चमचा खायचा सोडा, चिमूट मीठ, वेलची. दही आणि साखर आधी चांगलं फेटायचं, तूप घालायचं, पिठी आणि सोडा एकत्र चाळून हलक्या हातानं मिसळायचं. आधी दहा मिनिटं तापवलेल्या कढईत, तळाला मीठ आणि त्यावर तिवई ठेवून, मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. पूर्ण निवल्याशिवाय कापायचा नाही, चुरा होतो.

आणि जायफळ, वहीत आधी पाव चमचा लिहिलं होतं. ते खोडून मी चिमूटभर केलं आहे. पाहुण्यांपुढं बशी ठेवताना ‘जरा जडच होतो’ असंही आता मी म्हणत नाही.